चपट्या जंतांचा माग: शेततळ्यातल्या माशापासून गोठ्यातल्या गाईपर्यंत

निफाड-दिंडोरीत द्राक्षबागेच्या शेततळ्यात रोहू-कटला सोडणारा, इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात डांगी जनावरं सांभाळणारा आणि सिन्नर-नांदगावच्या माळावर मेंढ्या वळणारा, या तिघांच्या तक्रारी वरवर अगदी वेगळ्या. एकाचे मासे अंग घासत फिरतात, दुसऱ्याच्या गाईच्या जबड्याखाली पाणी उतरतं, तिसऱ्याची मेंढी एकाच अंगाने गोल गोल फिरते. पण तपासायला बसलं की तिन्हीकडे बऱ्याचदा एकाच कुळातले जंत निघतात: चपटे. आणि तिघेही आधी दुकानात जाऊन म्हणतात, "जंताचं औषध द्या."

जंताचं औषध अशी एकच वस्तू नसते. ज्या आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनवर आपल्याकडे डोळे झाकून विश्वास टाकतात, ते गोल जंतांवर आणि गोचिडांवर चालतं. चपट्या जंतांना त्याने काहीही होत नाही. पैसे जातात, जनावर खंगतच राहतं आणि मग औषध नकली होतं असा बोभाटा होतो. म्हणून या लेखात औषधं नंतर येतील. आधी जंत कोणता आणि तो आला कुठून, हे शोधायचं.

पहिलं काम: गोगलगाय लागते की नाही, ते ठरवा

चपट्या जंतांचे परजीवी गट तीन. पहिला मोनोजेनियांचा. हे माशाच्या कातडीवर किंवा गलफड्यात बाहेरून चिकटतात, एका माशावरून थेट दुसऱ्या माशावर जातात, मधे कुणाची गरज लागत नाही. दुसरा पर्णकृमींचा, म्हणजे ज्यांना डॉक्टर फ्लूक म्हणतात. यांच्या आयुष्यात गोगलगाय, बहुधा पाण्यातली, आलीच पाहिजे. ती नसेल तर साखळी तिथेच तुटते. तिसरा पट्टकृमींचा, फितीसारखे लांब, तुकड्या-तुकड्यांचे. यांनाही मधला कुणीतरी लागतो, पण तो जंतागणिक बदलतो: कुठे पाण्यातला बारीक कवचधारी जीव, कुठे गवतातला कोळीकीटक, कुठे खुद्द मेंढी.

हे का महत्त्वाचं? पहिल्या गटात पाण्यावर उपचार करून सुटका होते. दुसऱ्या-तिसऱ्या गटात मासा किंवा जनावर ही साखळीतली एकच कडी असते. तिला कितीही औषध पाजलं, तरी बाकीच्या कड्या शाबूत असतील तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

(काचेच्या टाकीत मासे पाळणारे कधीकधी काचेवर सरपटणारा, बाणासारख्या डोक्याचा, दोन डोळ्यांचा चपटा किडा पाहून घाबरतात. तो प्लॅनेरिया. चपटा खरा, पण मोकळा जगणारा. तो दिसला तर माशांना खाणं जास्त होतंय, इतकाच निरोप समजावा.)

शेततळं: मासा हातात घ्या

शेततळ्यात मासे वर येऊन तोंड मारायला लागले की पहिला संशय जंतांवर घेऊ नका. घड्याळ पाहा. पहाटे वर येतात आणि उन्हं चढल्यावर खाली जातात, तर पाण्यात रात्री प्राणवायू कमी पडतोय. एअरेटर लावा, खाद्य कमी करा. दिवसभर सुस्त आहेत, प्लास्टिकच्या कागदाला अंग घासतात, अंगावर राखाडी शेवाळल्यासारखा चिकट थर आहे, गलफडं फिकी आणि सुजलेली आहेत, झाकण अर्धवट उघडं राहतं, तर मग सूक्ष्मदर्शक काढायची वेळ आली. जवळच्या विज्ञान महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात तो असतोच, आणि विनंती केली की सहसा कुणी नाही म्हणत नाही.

फेकजाळ्याने पाच-सहा मासे धरा. सगळे आजारीच नकोत, एक-दोन धडधाकटही हवेत. ते जिवंतच, तळ्याच्याच पाण्यात न्यायचे. मेलेला मासा पिशवीत घालून आणाल तर काही कळणार नाही, कारण यजमान मेला की हे जंत थोड्याच वेळात सोडून जातात किंवा तेही मरतात. मासा ओल्या फडक्यात धरायचा आणि काचपट्टीच्या कडेने डोक्याकडून शेपटीकडे हलकंच खरवडायचं. खवले उचकटता कामा नयेत, वरचा चिकट थर तेवढा यायला हवा. दुसऱ्या काचपट्टीवर तळ्याच्याच पाण्याचा थेंब, त्यात तो थर, वर पातळ काच. नळाचं पाणी वापरू नका. गलफड्यासाठी एक मासा मारावा लागतो. झाकण कापून लाल झालरीची दोन-चार टोकं कात्रीने घ्यायची. सगळ्यात कमी मोठं करणारं भिंग आधी लावा आणि उजेड थोडा मंद ठेवा.

दिसतं ते असं. पारदर्शक, मिलिमीटरभरही नसलेला जीव एका टोकाने घट्ट बसलेला असतो आणि दुसरं टोक लांबवून, आखडून इकडेतिकडे चाचपत असतो. बसलेल्या टोकाला चकती, तिच्या मधोमध दोन मोठे आकडे, कडेने बारीक आकड्यांची रांग. डोक्याकडे चार काळे ठिपके दिसले तर तो डॅक्टिलोगायरस; हा बहुधा गलफड्यात सापडतो आणि अंडी घालतो. ठिपके नसतील, डोकं दोन टोकांत दुभंगलेलं असेल, तर गायरोडॅक्टिलस; हा जास्त करून कातडीवर आणि परांवर. याच्या पोटात नीट पाहा: आत आणखी एक आकड्यांची जोडी दिसते. ते त्याचं पिल्लू, आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू वाढायला लागलेलं असतं. हा अंडी घालत नाही, थेट पिल्लंच टाकतो, म्हणून गर्दीच्या तळ्यात बघता बघता फैलावतो.

सगळ्या काचपट्ट्या मिळून एखाद-दुसराच दिसला, तर औषध टाकू नका. थोडे जंत जवळपास प्रत्येक तळ्यात असतात. तिथे दोष गर्दीचा असतो, किंवा तळाशी साचलेल्या खाद्याचा. मासे विरळ करा, तळातलं पाणी काढून ताजं भरा, आठवड्याने पुन्हा पाहा. प्रत्येक दृश्यात झुंडी दिसत असतील तरच पुढे वाचा.

तळ्यात पाणी नेमकं किती, हे मोजल्याशिवाय पुडी फोडू नका

इथे सर्वाधिक मासे मरतात, आणि ते जंतांनी नव्हे. आपली शेततळी उतरत्या काठांची असतात. वर २८ मीटर लांब, २८ मीटर रुंद पाणी आणि खोली ४ मीटर म्हणून लोक सरळ गुणाकार करतात आणि ३१३६ घनमीटर धरतात. पण काठाचा उतार दीडास एक असेल तर तळ उरतो १६ बाय १६ मीटरचा. खरं पाणी येतं साधारण १९८४ घनमीटर, म्हणजे वीस लाख लिटरच्या आतबाहेर. सोपा उपाय असा: अर्ध्या खोलीवरची लांबी-रुंदी धरा. वरचे २८ आणि तळाचे १६ यांच्या मधले २२. २२ गुणिले २२ गुणिले ४ बरोबर १९३६. एवढा अंदाज पुरे.

आता पोटॅशियम परमँगनेट २ पीपीएम द्यायचं ठरलं, म्हणजे दर घनमीटरला २ ग्रॅम, तर बरोबर हिशेबाने ४ किलोच्या किंचित आत लागतं. चुकीच्या हिशेबाने सव्वासहा किलो जातं. दीडपटीहून जास्त. तेवढ्याने आधीच सुजलेली गलफडी जळतात.

परमँगनेट सकाळी टाका, एअरेटर चालू ठेवून, बादलीत पूर्ण विरघळवून आणि सगळ्या तळ्यावर शिंपडून. गुलाबी रंग काही तास टिकला पाहिजे. तासाभरातच पाणी तपकिरी झालं तर पाण्यातल्या शेवाळाने आणि घाणीनेच औषध खाल्लं, जंतांपर्यंत ते पोचलंच नाही. आधी पाणी बदलावं लागेल. रंग पूर्ण जाईपर्यंत बागेचं ठिबक त्या पाण्यावर चालवू नका. डॅक्टिलोगायरसच्या अंड्यांना या औषधाने काही होत नाही. ऊबदार पाण्यात ती थोड्या दिवसांत फुटतात, म्हणून आठवड्याभराने पुन्हा तपासून, गरज असेल तर दुसरा हात द्यावा लागतो. गायरोडॅक्टिलस अंडी घालत नसल्याने तिथे बहुधा एकाने भागतं.

फॉर्मॅलिन मी खाण्याच्या माशांच्या तळ्यात सुचवत नाही. जंत मारतं हे खरं, पण दर ५ पीपीएम फॉर्मॅलिनमागे पाण्यातला साधारण १ पीपीएम प्राणवायू घटतो, आणि ढगाळ दिवशी हिरव्या पाण्यात तेवढंही पुरतं सगळं तळं उलटं तरंगायला. परमँगनेट आणि फॉर्मॅलिन एकत्र तर कधीच आणू नका. त्यांचा भडका होतो आणि विषारी वायू सुटतो. प्राझिक्वांटेल या जंतांवर उत्तम चालतं, पण विकायच्या माशांवर ते वापरायचं तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांचा सल्ला घेऊनच.

मिठाचं काय? मीठ उत्तम आणि स्वस्त, पण तळ्यात नाही. ज्या तळ्यातून द्राक्षाला पाणी जातं त्यात पोती ओतणारे मी पाहिले आहेत. द्राक्षवेल क्षाराला नाजूक, पुढच्या हंगामात पानांच्या कडा करपल्या की त्याचं कारण कुणाला आठवत नाही. मीठ वापरायचं ते बोटुकली (बोटभर लांबीची माशांची पिल्लं) सोडण्याआधी, टबात. १०० लिटर तळ्याच्याच पाण्यात २ किलो जाडं मीठ, म्हणजे २ टक्के. छोट्या जाळीत थोडी-थोडी बोटुकली बुडवायची, मिनिट-दोन मिनिटं, डोळे माशावर ठेवून. एखादं आडवं व्हायला लागलं की लगेच सगळी बाहेर, स्वच्छ पाण्यात. हे एवढं केलं तर वर लिहिलेल्या पुड्यांची वेळ सहसा येत नाही, कारण शेततळ्यात हे जंत जवळपास नेहमी बीजासोबतच येतात. नाहीतर शेजारच्या तळ्यातून आणलेल्या ओल्या जाळ्यासोबत. तेव्हा उसनं जाळं कडक उन्हात पूर्ण वाळवूनच पाण्यात टाका.

माशाच्या आत गाठ किंवा फीत सापडली तर

गलफड्याच्या झाकणाखाली, पराच्या मुळाशी, कधी मांसात, ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळसर गाठ दिसते. सुईने पडदा फोडला की आतून जाडसर पिवळी अळी निघते आणि काचपट्टीवर सावकाश लांबते, आखडते. ही क्लिनोस्टोममची अळी. पूर्ण वाढलेला जंत राहतो बगळ्याच्या, ढोकरीच्या तोंडात आणि घशात. त्याची अंडी पाण्यात पडतात, गोगलगाईत वाढतात, तिथून माशात शिरतात आणि मासा बगळ्याने खाल्ला की वर्तुळ पूर्ण. कातडीवर मिरे टोचल्यासारखे काळे ठिपके दिसतात तेही अशाच दुसऱ्या पर्णकृमींच्या अळ्यांभोवती माशाने साठवलेलं रंगद्रव्य.

इथे माशाला औषध देण्यात अर्थ नाही. पाण्यात टाकलेलं औषध कोषातल्या अळीपर्यंत नीट पोचत नाही, आणि पोचलं तरी गाठ तशीच राहते. हात घालायचा तो गोगलगाईत. काठाची पाणवनस्पती काढून उन्हात पसरा, प्लास्टिकच्या कागदावर साचलेला पाला आणि शेवाळ खरवडा. अस्तराच्या स्वच्छ तळ्यात गोगलगाईंना आसरा मिळत नाही. बोर्डो मिश्रणासाठी बागाईतदाराच्या घरी मोरचूद असतंच, आणि गोगलगाई त्याने मरतात हेही खरं, म्हणून मोह होतो. टाळा. मासेही त्याने मरतात आणि तांबं गाळात साठत जातं. बगळे अडवायला तळ्यावर दोऱ्या किंवा जाळी ताणा. त्यांना मारणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. नांदूर मध्यमेश्वर जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. त्याच्या आसपासच्या तळ्यांवर पक्षी येणारच, हे गृहीत धरूनच तिथे मत्स्यशेती करावी.

नदी-धरणाचा मासा चिरताना याहून दणकट पाहुणे भेटतात. शिवड्याच्या पोटातल्या वाताशयात (हवेच्या पिशवीत) कधीकधी काही सेंटिमीटर लांब, गडद रंगाचा, मांसल पानासारखा जंत निघतो, तो आयसोपॅरॉर्किस. मरळ आणि वाम यांच्या आतड्यात पट्टकृमी सापडतात. आतडं आणि वाताशय आपण टाकूनच देतो, तेव्हा मासा फेकायची गरज नाही. फक्त ते कुत्र्या-मांजराला कच्चं घालू नका.

गोठा: पाऊस, भातखाचर आणि काळीज

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा पट्टा यकृतातल्या पर्णकृमीला मानवतो. डांगी जनावर पावसाला चिवट आहे, पण जंताला त्याचं सोयरसुतक नाही. आपल्याकडे मुख्यत्वे आढळतो तो फॅसिओला जायगँटिका. शेणातून अंडी पाण्यात, अंड्यातून निघालेली अळी लिम्निया गोगलगाईत (पातळ, टोकदार शंख, मोठं तोंड), तिथे वाढून पुन्हा पाण्यात आणि मग गवताच्या, भाताच्या पाण्यालगतच्या भागावर कोष करून बसते. जनावर ते गवत खातं. कोषातून सुटलेला जंत यकृत पोखरत पित्तनळ्यांत पोचतो आणि तिथे अंडी घालायला लागेपर्यंत साधारण तीन ते चार महिने जातात.

हा तीन-चार महिन्यांचा काळ नीट ध्यानात धरा, कारण त्यातच सगळी फसगत आहे. भादव्यात लागण झालेल्या गाईचं शेण आश्विनात तपासलं तर अंडी सापडणारच नाहीत. अहवाल "निरंक" येतो आणि यकृत मात्र आतून कुरतडलं जात असतं.

शेण द्यायचं ते ताजं, शक्यतो गुदद्वारातूनच काढलेलं, १० ते २० ग्रॅम, झाकणाच्या डबीत, प्रत्येक जनावराची डबी वेगळी आणि तिच्यावर नाव. दवाखान्यात "गाळाची तपासणी करा" असं स्पष्ट सांगा. पर्णकृमीची अंडी जड असल्याने तळाशी बसतात. तरंगवून पाहायच्या पद्धतीत ती निसटतात. पिवळसर अंडी म्हणजे यकृतातला जंत. तशीच पण रंगहीन म्हणजे पोटातला पॅराम्फिस्टोमम, ज्याची पिल्लं आतड्यात असताना पावसाळ्याअखेरीस वासरांना घाण वासाची पाण्यासारखी हगवण लागते.

काही शंका उरली तर खाटकाकडची कलेजी पाहा. रोगट कलेजीत पित्तनळ्या पांढऱ्या, जाड आणि कडक झालेल्या असतात. सुरी त्यांच्यावर कचकचते. नळी कापून अंगठ्याने मागून दाबत आणलं की तपकिरी, चपटा, पाच-सहा सेंटिमीटरचा जंत घसरून बाहेर येतो. गावातल्या दोन-तीन बकऱ्यांत हे दिसलं तर तुमच्या चराईच्या जागेबद्दल वेगळी तपासणी लागत नाही.

औषध पशुवैद्यकाने लिहून द्यावं, पण काय विचारायचं ते तुम्हाला माहीत हवं. ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या जंतांनाही मारतं, पण पोटातल्या पॅराम्फिस्टोममवर, पट्टकृमींवर चालत नाही. ऑक्सिक्लोझॅनाइड वाढलेल्या जंतांवर चालतं आणि पॅराम्फिस्टोममवरही. अल्बेंडाझोल जास्त मात्रेत फक्त मोठे जंत मारतं आणि गाभणपणाच्या सुरुवातीला ते देत नाहीत. क्लोझँटेलची मात्रा शेळ्या-मेंढ्यांत जास्त झाली तर त्या आंधळ्या होतात. दुभत्या जनावराला कोणतं चालतं आणि दूध किती दिवस टाकायचं, हे बाटलीवर छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पाजू नका.

मात्रा वजनावर असते आणि वजन "असेल तीनशे किलो" असं ठरत नाही. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर वजन सुमारे २७३ किलो. पाजताना मान फार उंच करू नका, सावकाश, घोट-घोट. नळकांडं घशात रिकामं केलं की औषध फुप्फुसात जातं आणि जंताआधी गाय जाते.

वेळ कोणती? बहुतेक जण दिवाळीच्या सुमारास एकदा पाजतात. ते ठीक, कोवळ्या जंतांवर चालणारं औषध असेल तर. पण माझ्या मते वळवाच्या आधीचा, मे महिन्यातला हात जास्त मोलाचा आणि तोच हमखास चुकतो. उन्हाळ्यात जनावर बरं दिसतं, म्हणून कुणाला आठवत नाही. त्याच जनावराच्या पोटातली अंडी जूनच्या पहिल्या पाण्याबरोबर खाचरात उतरतात आणि तिथे गोगलगाई नुकत्या जाग्या होत असतात. पैसे एकदाच खर्चायचे असतील तर मे निवडा.

आणखी एक जागा राहून जाते. फाल्गुन-चैत्रात गंगापूर, दारणा, वैतरणा या धरणांचं पाणी ओसरतं आणि काठाला हिरवं लुसलुशीत गवत उगवतं. सगळं रान वाळलेलं असताना जनावरं तिकडेच धावतात. पाणी मागे सरकताना गोगलगाई आणि कोषही तिथेच साचलेले असतात, त्यामुळे भर उन्हाळ्यातही लागण होते. ते गवत कापून, दोन-तीन दिवस कडक उन्हात खडखडीत वाळवून घाला. भाताच्या पेंढ्याचं तसंच: पाण्यात उभा असलेला बुंध्याकडचा भाग धोक्याचा, शेंड्याकडचा फारसा नाही. कापणी थोडी वरून केली किंवा पेंढा चांगला वाळवून मगच घातला तर निम्मी चिंता मिटते. ताजं शेण खाचरात न टाकता उकिरड्यात कुजवा. आतल्या उष्णतेने अंडी मरतात.

जनावर बसल्या जागी घोरतंय, नाकातून घट्ट शेंबूड येतोय, कधी रक्ताची छटा, तर तो सर्दीचा प्रकार नसून नाकातल्या रक्तवाहिन्यांत राहणारा पर्णकृमी, शिस्टोसोमा नेझेल, असू शकतो. त्याची गोगलगाय वेगळी, चपट्या गुंडाळीच्या शंखाची, डबक्यात असते. औषध इंजेक्शनचं आहे, दवाखान्यातच. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

मेंढ्या आणि राखणीचं कुत्रं

कोकराच्या लेंडीवर शिजलेल्या भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले तर तो मोनिएझिया, गवतातल्या कोळीकीटकांतून आलेला पट्टकृमी. बघायला किळसवाणा, पण मोठ्या मेंढीला फारसा त्रास देत नाही. कोकरं खंगत असतील तरच उपचार.

खरा घोर कुत्र्याचा आहे. मेंढी एकाच बाजूला फिरते, डोकं वाकडं धरते, कळपातून मागे पडते, तेव्हा तिच्या मेंदूत बहुधा पाण्याची पिशवी असते. टीनिया मल्टिसेप्स हा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी गवतावर पडतात आणि मेंढीच्या मेंदूत ही पिशवी वाढते. अशी मेंढी मेली की डोकं कुत्र्यापुढे टाकायचा रिवाज आहे, आणि त्यानेच पुढची मेंढी आजारी पडते. एकिनोकोकस याचा चुलतभाऊ, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. मेंढीच्या काळजात-फुप्फुसात त्याच्या पाण्याने भरलेल्या गाठी होतात, आणि अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसालाही तशाच.

तेव्हा गाठी असलेलं काळीज, फुप्फुस, फिरणाऱ्या मेंढीचं डोकं जाळा किंवा कुत्रं उकरणार नाही इतकं खोल पुरा. उकळून घालायचं असेल तर चांगलं अर्धा-पाऊण तास. कुत्र्याला प्राझिक्वांटेल, दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम, दर सहा आठवड्यांनी. दिवाळीनंतर वाटेला लागणाऱ्या कळपाने निघण्याआधी एक मात्रा देऊनच निघावं. औषधानंतर दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा जाळा किंवा खोल पुरा. औषधाने जंत मरतो, पण अंडी मरत नाहीत, आणि ती पोरांच्या हाताला लागायला एक दिवसही पुरतो.

चुलीपाशी

आपल्या रश्शात आणि तव्यावरच्या तुकडीत हे जंत जगत नाहीत. माशातून माणसाला लागणारे यकृताचे पर्णकृमी थायलंड-लाओसकडे आणि पूर्व आशियात मोठा प्रश्न आहेत, कारण तिथे गोड्या पाण्यातला मासा कच्चा किंवा अर्धकच्चा खातात. ओपिस्थॉर्किसमुळे पित्तनळीचा कर्करोग होतो हेही सिद्ध आहे. आपल्याकडे जपून राहायचं ते जाड तुकडीच्या बाबतीत: मोठ्या कटल्याची काट्यालगतची बाजू बाहेरून खरपूस आणि आत गुलाबी राहते. काट्यापासून मांस सुटं व्हावं आणि सगळं अपारदर्शक पांढरं दिसावं. आतलं तापमान ६३ अंशांवर गेलं पाहिजे. कच्चा खायचाच असेल तर उणे २० अंशांत सात दिवस ठेवलेला हवा, आणि घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा तितका थंड होत नाही. नदीच्या खेकड्यांतून फुप्फुसाचा पर्णकृमी लागतो. ईशान्य भारतात, विशेषतः मणिपूरकडे, त्याचे रुग्ण क्षयरोगाचे समजले जातात. पावसाळ्यात ओढ्यावर खेकडे भाजणाऱ्यांनी ते वरवर शेकू नयेत, आणि कच्चा खेकडा वाटलेल्या पाट्यावर लगेच कोशिंबिरीची मिरची वाटू नये.

जंताने पोखरलेली कलेजी खाऊन यकृताचा पर्णकृमी लागत नाही, तो पाण्यालगतच्या कच्च्या पाल्यातून लागतो. खराब भाग काढून टाका, बाकी नीट शिजवा. ओढ्याच्या कडेची पालेभाजी मात्र कच्ची नको.

आवणीची खाज आणि डॉक्टरांना काय सांगायचं

भाताच्या आवणीत पिंढऱ्यांवर उठणारी लाल पुरळ सगळी खतामुळे नसते. जनावरांच्या शिस्टोसोमाच्या अळ्या गोगलगाईतून सुटून माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात, खाज त्याची. त्या पुढे शरीरात वाढत नाहीत. गमबूट घाला, बाहेर आल्याबरोबर स्वच्छ पाण्याने धुऊन पाय टॉवेलने खसखसून कोरडे करा. माणसाचा म्हणता येईल असा शिस्टोसोमा महाराष्ट्रात एकाच ठिकाणी गाजला: रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी १९५२ साली तिथली लघवीतून रक्त जाण्याची साथ नोंदवली.

डॉक्टरांकडे ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या, अशी तक्रार घेऊन गेलात तर घरात मेंढ्या-कुत्री आहेत का, कच्चा पाला किंवा अर्धवट भाजलेला खेकडा खाल्ला का, हे विचारायची वाट न पाहता सांगा. शहरातल्या डॉक्टरला ते सहजासहजी सुचणार नाही. आणि सोनोग्राफीत यकृतात पाण्याची गाठ दिसली, घरी कळप आहे, तर ती एकिनोकोकसची असू शकते. कुणालाही ती तिथल्या तिथे सुई घालून "पाणी काढून पाहू" देऊ नका: आतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होते, आणि त्यातून नव्या गाठीही धरतात. हे काम आधी औषध सुरू करून, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवं.